सुटे भाग

आप्पांना स्वयंपाकाची आवड आहे असं म्हटलं तर ती अर्धीच माहिती झाली. स्वयंपाक सुरू होण्यापूर्वी जे जे लागतं, त्याची त्यांना आवड आहे. फोडणी पडेपर्यंत त्यांचा उत्साह ओसंडून वाहत असतो. एकदा फोडणी पडली की पुढचं काम त्या भाजीचं, तिनं तिचं बघून घ्यावं. बटाटा शिजला की नाही हे आपण सुरीचं टोक टोचून बघतो. आप्पा त्यात थर्मामीटर खुपसतात. बटाटा कच्चा निघाला तर दोष थर्मामीटरचा, आणि दोन दिवसांनी दारात कुरिअरवाला.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत आप्पांकडे जितकी पार्सलं येतात, तितकी बाकीच्या मजल्यांना मिळूनही येत नाहीत. वॉचमन आता नुसतं हातात धरून सांगतो, ‘‘आप्पा, आज हलकंय. किसणी असंल.’’ आणि ती किसणीच असते.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे असं माझं मत. आप्पांची सगळी हयात सरकारी खात्यात गेली, तीही खरेदी विभागात. तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय तिथे टाचणीसुद्धा घेता येत नसे, आणि दरपत्रकं हातात येईपर्यंत ज्या कागदाला टाचणी लावायची तो कागदच रद्दीत गेलेला असे. असल्या नोकरीतून सुटलेल्या माणसाच्या हाती निवृत्तीचा पैसा आणि स्मार्टफोन एकाच महिन्यात आला. मधली दरपत्रकं गेली. राहिला तो नुसता अंगठा.

काकू बँकेत होत्या. कुकर लावून, डबे भरून सकाळची बस गाठायची, यात त्यांची पंचवीस-तीस वर्षं गेली. स्वयंपाक हे त्यांच्या दृष्टीनं उरकायचं काम. त्यामुळे नवरा निवृत्तीनंतर स्वयंपाकघरात शिरला तेव्हा त्यांनी अडवलं नाही, उलट वर्तमानपत्र घेऊन बाल्कनीत बसल्या. आत आवाज वाढला की फक्त तिथूनच विचारतात, ‘‘अहो, काय फुटलं?’’

रविवारचे पोहे आप्पा करतात. म्हणून त्या घरातले लोक शनिवारी रात्री पोटभर जेवून घेतात.

पोह्यांची तयारी साडेआठला सुरू होते. आधी डिजिटल काटा निघतो. माणशी किती ग्रॅम पोहे लागतात याचा तक्ता फ्रीजच्या दारावर चिकटवलेला आहे. मग दोरी ओढायचा चॉपर. त्यात कांद्याचे चार तुकडे टाकून, झाकण घट्ट बसवून आप्पा दोरी ओढतात, एक, दोन, तीन. ‘‘बघा, डोळ्याला पाणी नाही!’’ खरंच नसतं. ते सगळं पाणी चॉपरच्या तळाशी असतं. त्या पात्यांनी कांदा चिरला कमी आणि चेचला जास्त जातो, त्याचा रस सुटतो आणि तो तेलात परतण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडतो. पोह्यातल्या कांद्याला थोडी करकरीत कड लागते, ती अशा कांद्याला आणायची कुठून? पण आप्पांनी वेळ मोजलेला असतो. बारा सेकंद. चॉपर उघडून, पाती काढून, झाकणाच्या आतली दोरी ओली झाली तर ती वाळवून तो परत कपाटात ठेवायला लागलेला वेळ मोजायची पद्धत त्यांच्या खात्यात नव्हती.

एका रविवारी भिजवलेले पोहे निथळायला त्यांनी सॅलड स्पिनर काढला. पालेभाजी धुऊन आत ठेवायची, वरची मूठ फिरवली की जाळी गरगरते आणि पाणी बाहेर फेकलं जातं, असं ते यंत्र. परदेशात लोक कच्ची पानं खातात, त्यांना ते लागतं. आप्पांनी त्यात ओले पोहे घातले आणि अपकेंद्री बल म्हणजे काय ते मला समजावत मूठ फिरवली. झाकण उघडलं तेव्हा मध्ये काहीच नव्हतं. सगळे पोहे कडेच्या जाळीला, भिंतीला लांबी भरावी तसे, एकसारखे लिंपले गेले होते. ते आप्पांनी उलथन्यानं खरवडून काढले. त्या दिवशी आम्ही जे खाल्लं त्याला कोथिंबीर-खोबरं घातलेलं होतं, एवढं नक्की सांगता येईल.

पण आप्पांना हसून मोकळं होणं सोपं नाही, कारण त्यांना माहिती फार असते आणि ती बहुतेक वेळा खरी असते. थर्मामीटरचंच घ्या. नवीन आणल्यावर त्यांनी तो उकळत्या पाण्यात बुडवला. आकडा अठ्ठ्याण्णवला थांबला. शाळेत शंभर शिकलेलं. ‘‘माल सदोष आहे’’ असं लिहून आप्पांनी तो परत पाठवला. बदली आलेलाही ९८. तोही परत. तिसराही ९८ म्हणाला तेव्हा त्यांनी पुस्तकं काढली. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून जास्त उंचावर आहे, हवेचा दाब इथे थोडा कमी, म्हणून इथलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्या दिवसापासून मुंबईचा पाहुणा आला की चहा ठेवताना आप्पा त्याला हे सांगतात. पाहुण्याला वाटतं पुण्यात चहा उशिरा मिळण्याचं हे कारण असावं.

कुकरबद्दल तर त्यांच्याकडे अख्खं व्याख्यान आहे. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ साली लंडनमध्ये घट्ट झाकणाचं भांडं बनवलं, हाडं मऊ होईपर्यंत शिजवायला. आणि ते फुटू नये म्हणून त्याला झडपही बसवली. आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टिज या दोन्ही नावांचा कारभार १९५९ च्या आगेमागे सुरू झाला. एकाचं झाकण भांड्याच्या आत जाऊन बसतं, दुसऱ्याचं वरून बसतं. आपल्या घराण्यांचे यावरून दोन पंथ पडले आहेत आणि लग्न होऊन या पंथातून त्या पंथात गेलेल्या मुलीला पहिले पंधरा दिवस झाकण लावता येत नाही, हे आप्पांचं निरीक्षण मला पूर्ण मान्य आहे. आत दाब वाढला की पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं, डाळ म्हणून लवकर शिजते. ‘‘शिट्टी हे घड्याळ नव्हे,’’ इथे त्यांचा आवाज चढतो. ‘‘शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडली, एवढंच. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि मिनिटं मोजायची. गॅस वाचतो, ओटा डाळीनं रंगत नाही.’’

हे अगदी बरोबर आहे. मी तसंच करू लागलो आणि माझा ओटा खरोखर स्वच्छ राहतो. आप्पांचा राहत नाही, कारण मिनिटं मोजण्यासाठी त्यांनी टायमर आणला, टायमर ठेवायला चुंबकाचा स्टँड आणला, आणि तो स्टँड फ्रीजच्या दाराला लावताना पहिली शिट्टी होऊन गेली.

चुंबकावरून आठवलं. आप्पांच्या शर्टाच्या खिशात कायम एक चुंबक असतो. इंडक्शनची शेगडी घेतली तेव्हापासून. त्या शेगडीवर ज्याच्या बुडाला चुंबक चिकटतो तेच भांडं तापतं. ॲल्युमिनिअम, तांबं, पितळ साफ थंड राहतं, आणि स्टीलमध्येही काही जाती चिकटतात, काही चिकटत नाहीत. तुळशीबागेतल्या आणि रविवार पेठेतल्या भांडीवाल्यांना हा गृहस्थ आता ओळखू येतो. दुकानात शिरायचं, नमस्कार-चमत्कार न करता एकेक पातेलं पालथं करायचं आणि बुडाला चुंबक लावून ऐकायचं. एका दुकानदारानं त्यांना दुरून येताना पाहून पोऱ्याला सांगितलं, ‘‘ते चिकटणारे वेगळे काढून ठेव रे.’’

मध्यंतरी पितळेची लाट आली. वाडा पाडताना माळ्यावरून उतरवलेली आईची पितळी पातेली आप्पांनी पोत्यातून बाहेर काढली, कसबा पेठेत तांबट आळीला जाऊन ठोके मारणाऱ्या कारागिरांशी गप्पा मारून आले, आणि कल्हईवाल्याला शोधून काढलं. तो दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये साजरा झाला. भट्टी, नवसागराचा पांढरा धूर, कापसाचा बोळा फिरला की पितळेचा पिवळा जाऊन चांदीचा रंग. मुलं गोळा झाली होती. आप्पा निवेदन करत होते: कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही, नवसागरानं धातूवरची मळी सुटते आणि कथील धरतं. कल्हईवाला बराच वेळ ऐकून म्हणाला, ‘‘साहेब, तुमीच करता का?’’

दुसऱ्या दिवशी त्यांतल्याच एका पातेल्यात चिंच-गुळाची आमटी झाली. एका पातेल्याला कल्हई करायची राहिली होती, आणि दोन पातेली आकारानं सारखीच होती. काकूंनी पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

‘‘कळकली आहे.’’

आप्पांनी लगेच आंबट पदार्थ आणि पितळ यांच्यात काय घडतं ते सांगायला सुरुवात केली. त्यांना ते सगळं आधीपासून माहीत होतं. आमटी मोरीत ओतताना काकू म्हणाल्या, ‘‘माहीत होतं ना? मग घातलीत कशाला?’’ या प्रश्नावर आप्पांचा इतका मोठा ग्रंथसंग्रह गप्प बसला.

पितळी पातेली इंडक्शनवर चालत नाहीत आणि गॅसवर काकू चालू देत नाहीत. सध्या त्यांत मनीप्लांट आहेत.

एअर फ्रायर २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा बाजारात आला, आणि आत डोकावलं तर तो पंखा लावलेला छोटा ओव्हनच आहे, हेही आप्पांनीच मला सांगितलं. म्हणजे तळत तो काहीच नाही. तरी त्यांनी त्यात बटाटेवडे लावले. ओल्या बेसनाला गरम तेलात पडल्या पडल्या कवच धरतं. गरम हवेत ते धरायच्या आत जाळीतून खाली उतरलं आणि वर नागडे गोळे राहिले. पण शेंगदाणे त्यात सुरेख भाजले जातात, रताळी गोड होतात, कालचा साबुदाणा वडा परत कुरकुरीत होतो. एवढ्यासाठी ओट्याचा तितका भाग द्यायचा का, हा ज्याच्या त्याच्या ओट्याचा प्रश्न आहे. पोळीचं यंत्र मात्र मला कुणाच्याच ओट्यावर बघवत नाही. दोन तव्यांमध्ये गोळा दाबायचा, की झाली पोळी. अहो, घडीच्या पोळीला आत तेल लावून घडी घालतात, ती लाटताना पदर धरतात आणि तव्यावर फुगली की पदर सुटतात. दाबून चपटी केलेली ती चकती, तिला घडी कुणी घातली? आप्पांच्या यंत्रातून निघालेल्या पोळ्या गार झाल्यावर काकूंनी चिवड्यात कुसकरल्या.

आप्पांची मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्या घरी इन्स्टंट पॉट नावाचा विजेचा कुकर आहे, ती त्यात वरणभात लावून ऑफिसच्या मीटिंगला बसते आणि दुसरं काही घेत नाही. वडिलांचा वारसा तिच्यात उतरला नाही याचं आप्पांना वाईट वाटतं. तिनं दिवाळीसाठी सोऱ्या मागवला तेव्हा त्यांनी तुळशीबागेतून चांगला दणदणीत पितळी, दांडा फिरवायचा सोऱ्या घेतला आणि स्वतःच्या बॅगेत घालून नेला. तिकडच्या विमानतळावर तपासणीच्या पडद्यावर ते पितळी नळकांडं दिसलं आणि बॅग उघडायला लावली. हे काय आहे? आप्पांनी इंग्रजीत चकली समजावली. चकत्या एकेक काढून दाखवल्या: ही शेवेची, ही शेवयांची, आणि चांदणीच्या भोकाची चकलीची. ती चांदणीची सापडेना. आप्पा विमानतळावर अस्वस्थ झाले ते बॅग उघडली म्हणून नव्हे. चकलीची चकती नेमकी दिवाळीतच हरवते, हा नियम अमेरिकेतही लागू असल्याचं त्यांना तेव्हा कळलं.

येताना ते तिथून एक टोस्टर घेऊन आले. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची, हे त्यांना अर्थातच ठाऊक होतं. म्हणून त्यांनी इथे ट्रान्सफॉर्मर घेतला. तो टोस्टरपेक्षा मोठा आहे.

आता मावशींविषयी सांगायला हवं. आप्पांच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी आमच्याकडेही येतात, त्यामुळे ही हकिकत मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. सुरुवातीला त्या काही बोलल्या नाहीत. चॉपरची पाती धुतली. लसूण ठेचायचा चिमटा आला, त्याच्या भोकांत अडकलेली लसूण पिनेनं काढली. तेवढ्यात पाट्यावर वाटीभर लसूण ठेचून झाली असती. फूड प्रोसेसरच्या मधल्या दांड्याच्या खाचेत सुकलेली कणीक टूथब्रशनं काढली. एअर फ्रायरच्या जाळीवरचं ते बटाटेवड्याचं बेसन भिजत घालून, घासून, परत भिजत घालून सोडवलं. मग एके दिवशी आप्पांनी जूसर आणला. दोन ग्लास मोसंबीचा रस निघाला आणि मोरीत नऊ भाग येऊन पडले, त्यातली एक गाळणी इतकी बारीक की चोथा दिसतो पण निघत नाही.

मावशींनी हात पुसले आणि बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

‘‘काका, कढई सांगा, कुकर सांगा, टोप सांगा. जळलेलं दूध सांगा. मी नाय म्हणणार नाय. पण हे उघडा, दाबा, आत ब्रश घाला, परत बसवा, हे माझ्या पगारात नाय बसत. ज्याचे तीनच्या वर तुकडे होतात, ते तुमी धुवायचं.’’

काकूंनी बाल्कनीतून वर्तमानपत्र खाली न करता सांगितलं, ‘‘मंजूर.’’

खरेदी विभागातल्या सगळ्या कारकिर्दीत आप्पांना इतकी स्पष्ट अट कुणी घातली नव्हती. त्यांनी ती पाळली, कारण लेखी नसली तरी अट ती अट. दुसऱ्या दिवशी स्वतः जूसर धुतला. तिसऱ्या दिवशी रस प्यायले नाहीत. महिन्याभरात एकेक यंत्र खोक्यात जाऊन माळ्यावर चढू लागलं, आणि कधी नव्हे ती ओट्यावर परात ठेवायला जागा झाली.

याचा अर्थ आप्पा सुधारले असा नाही. खरेदी चालूच आहे. फरक एवढाच की पूर्वी ते फक्त ‘हे काय करतं’ असं विचारायचे, आता त्याबरोबर ‘याचे भाग किती’ हेही विचारतात. आणि या एका प्रश्नामुळे त्यांचं मत ऐकण्यालायक झालं आहे. आमच्या सोसायटीत कुणाचं लग्न ठरलं की मुलीची आई रुखवताची यादी घेऊन आप्पांकडेच जाते.

आप्पा सांगतात ते असं. तीन लिटरचा कुकर घ्या, आणि त्याचं रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली की अस्सल त्याच कंपनीचे घ्या, तिथे काटकसर नको. एक चांगली सुरी, आणि तिला धार लावायचा दगड. बोथट सुरी घसरते आणि बोट कापते, धारदार सुरी भाजी कापते. बिड्याचा तवा घ्या, पण पहिल्याच दिवशी त्यावर घावन घालून तो चिकटतो म्हणून रडत येऊ नका. तेल लावून तापवा, गार करा, परत लावा, कांदा घासा, आठवडाभर दम धरा. मग तो वर्षानुवर्षं नॉनस्टिकला ऐकत नाही. लोखंडी कढई, धुतली की लगेच पुसायची. खलबत्ता जड घ्या, शोभेचा नको. ठेचा आणि वेलदोडे यांना मिक्सर हे उत्तर नाही. मिक्सरबद्दल मात्र त्यांना आदर आहे. सत्यप्रकाश माथुर नावाच्या मुंबईतल्या इंजिनिअरनं, परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकत नाही हे घरीच बघून, १९६३ साली सुमीत काढला. ओलं खोबरं आणि सुकी हळद दोन्ही दळू शकेल अशी मोटर त्यात घातली. ‘‘गरज आधी आणि यंत्र नंतर, असं झालेलं हे उदाहरण,’’ असं म्हणून आप्पा क्षणभर माळ्याकडे बघतात.

सांडशी भक्कम हवी. हिच्यावर ते सर्वांत जास्त वेळ घालवतात आणि ते योग्यच आहे. खिळा सैल झालेली सांडशी आणि उकळतं दूध यांची गाठ ज्यानं एकदा पाहिली तो पुन्हा स्वस्तातली घेत नाही.

विळीचं नाव यादीत नसतं. तिच्याविषयी काकू आणि आप्पा दोघांनाही हळहळ आहे. एकाच पात्यावर भाजी चिरायची, टोकाच्या खवणीवर नारळ खवायचा, सुटे भाग शून्य, धुवायला एक हात. पण काकूंचे गुडघे खाली बसू देत नाहीत, आणि आजकालच्या मुली बसणार नाहीत, त्यांनी बसावं असा आग्रहही नको. ओट्यावर ठेवायची फळीवरची विळी मिळते, काकू तीच वापरतात.

डिजिटल काट्यावरून त्या दोघांचं अजून जमलेलं नाही. आप्पा म्हणतात, वाटी म्हणजे कोणती वाटी? त्यांनी घरातल्या सगळ्या वाट्या पाण्यानं भरून मोजल्या, दोन सारख्या निघाल्या नाहीत. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० पासून महाराष्ट्राला वाटी-चमच्याच्या मापानं रांधायला शिकवलं, हे त्यांना मान्य आहे, तरी प्रत्येक घराची वाटी वेगळी त्याचं काय? काकूंचं उत्तर तयार असतं. ‘‘भाजणीला तांदूळ ज्या वाटीनं घेतले त्याच वाटीनं डाळी घ्यायच्या. प्रमाण जमलं की झालं, वाटी कितीची का असेना.’’ मला दोघांचंही पटतं. भाजणीला काकूंची वाटी, केकला आप्पांचा काटा. तसं म्हटलं की दोघंही माझ्यावर नाराज होतात.

गेल्या खेपेला घरगुती वस्तूंच्या प्रदर्शनात आप्पांबरोबर मी होतो. कानाला माइक लावलेला तो तरुण दर प्रदर्शनात असतोच. ‘‘या ताई, या काका, हात लावून बघा,’’ म्हणत त्यानं सात पात्यांच्या यंत्रावर गाजराची फुलं पाडली, काकडीच्या चकत्या उडवल्या, बटाट्याची जाळी करून उजेडात धरली. हे लोक कधी सुरण घेत नाहीत, मेथीची जुडी घेत नाहीत, फणसाच्या तर वाटेला जात नाहीत. गर्दी वाहवा करत होती. सोबत सोलाणं फुकट होतं. आप्पांचा हात खिशाकडे गेलेला मी पाहिला. मग तो थांबला.

‘‘छान. आता हे धुऊन दाखवा.’’

‘‘एकदम सोप्पं आहे काका. उघडायचं, नळाखाली धरायचं.’’

‘‘मग धरा.’’

स्टॉलवर नळ नव्हता. आप्पा तिथेच उभे राहिले. त्यांनी सातही पाती काढली, खाचेत अडकलेलं गाजर सगळ्यांना दाखवलं, आणि ते काढायला सोबत काही दिलं आहे का, असं अत्यंत विनयानं विचारलं. गर्दी पांगली. त्या पोरानं माइक बंद केला आणि खालच्या आवाजात विचारलं, ‘‘काका, तुम्ही दुसऱ्या कंपनीचे आहात का?’’

परत येताना आप्पांनी तिथलीच एक जायफळ किसायची छोटी किसणी घेतली. भाग एक. मावशींनी ती निमूटपणे धुतली.

माळा मात्र भरलेला आहे, आणि त्यात एक वस्तू खरी कामाची आहे: पुरणयंत्र. डाळ गरम असतानाच घातली तर पुरण लोण्यासारखं नाही म्हणणार, पण पोळी फाटणार नाही इतकं बारीक पडतं, आणि श्रीखंडाचा चक्काही त्यातून छान निघतो. ते वर्षातून दोन-तीनदाच लागतं, म्हणून प्रत्येकानं विकत घ्यायची गरज नाही. तुमच्याही इमारतीत एखादे आप्पा असतील, त्यांच्याकडे ते नक्की असेल, आणि मागितल्याचा त्यांना राग येणार नाही, आनंदच होईल. होळीच्या चार दिवस आधी सांगा, म्हणजे माळ्यावरून काढता येईल. परत करताना जाळ्या मोजून आणा, आणि धुऊन.